चोरकप्प्यातली शेळी

२१ मार्च

बारक्या,

वर 'अनेक आशीर्वाद' लिहिलेलं नाही, बघितलंस ना. लिहिलं असतं तर ताईला अकरा वर्षांनी आशीर्वाद सुचले म्हणून तू पत्र तिथेच घडी करून ठेवलं असतंस. तेव्हा सरळ कामाचं बोलते.

तुझ्याकडे कंपनीचा एक कागद येईल. रजिस्टर पोस्टाने येईल, वर वकिलाचा शिक्का असेल. तो सही करून घेऊ नकोस. घेतलास तर उत्तर देऊ नकोस. आणि उत्तर दिल्याशिवाय राहवलंच नाही, तर त्यात 'मी केलं' एवढं लिहू नकोस. तुला ती खोड आहे म्हणून आधीच सांगते.

झालं ते असं. चौदा तारखेला, म्हणजे तुझ्या वाढदिवसाला, एका कारखान्यात आपल्या कंपनीने बनवलेल्या भरतकामाच्या मशीनवर वॉचमन लोकांचे शर्ट लावले होते. खिशावर ढाल आणि दोन तलवारी भरायच्या. सकाळी मशीन चालू केलं की आधी चिंधीवर चाचणीचा चौकोन शिवून बघायचा, हे तुला मी काय शिकवायचं. तिथल्या महाशयांना चिंधी लावायचा कंटाळा आला. त्यांनी थेट शर्टच चढवले, बटण दाबलं आणि सिगारेट ओढायला बाहेर गेले. एका वेळी बारा शर्ट भरणारी तीन मशीनं. महाशय परत आले तेव्हा छत्तीस खिशांवर शेळी होती. तीन पायांची, डावा कान वाकडा, तोंडावर 'माझं काय चुकलं' असा भाव. तुझीच शेळी, बारक्या. फोटो माझ्या टेबलावर आले तेव्हा मी आधी पाय मोजले.

आपले साहेब अजून तेच आहेत, आपण टकलावरून नाव ठेवलेले. दोन केस. तेव्हा खरंच दोन होते, आता तेही बहुतेक सवयीनेच उभे असतात. त्यांनी जुन्या नोंदी काढायला लावल्या. प्रोग्राममध्ये कुणी कधी काय बदललं, त्याची नोंद नावासकट राहते. शेळी घुसली त्या दिवशीच्या नोंदीत तुझं नाव आहे. आणि ती तारीख तुला काढून टाकल्यानंतर दोन वर्षांनीची आहे.

म्हणजे त्यांच्या हिशेबाने काढून टाकल्यावर तू चोरून आत शिरलास आणि सूड म्हणून हे करून गेलास. वकील म्हणतो हा सरळ गुन्हा आहे, पोलिसांत देऊ. तू शिकवतोस त्या ट्रेनिंग सेंटरलाही कळवणार आहेत. तू तिथे शिकवतोस हे मला कसं माहीत, असं विचारू नकोस.

चौकशी माझ्याकडे दिली आहे. विभागप्रमुख मी आहे, अहवालावर सही माझी लागते. तीस एप्रिलला मी रिटायर होते. त्याआधी तुझं नाव लिहून फाईल बंद करायची, एवढंच माझ्याकडून हवं आहे.

शेळी तू घातलेली नाहीस, हे मला पक्कं माहीत आहे. कुणी घातली तेही माहीत आहे. ते पुढच्या पत्रात. आईच्या डोळ्यांत थेंब घालायची वेळ झाली.

ताई


२७ मार्च

बारक्या,

शेळी मी घातली.

हे तीन शब्द लिहायला मला सहा दिवस लागले. आता लिहिलेत तर पुढचं ऐक.

तुला काढल्यावर महिन्याभराने माझ्याकडे एक कागद आला. अमका कर्मचारी गेला, त्याचं नाव आणि पासवर्ड सिस्टीममधून पुसावा. ते काम माझं. मी 'पुसलं' असं लिहून सही ठोकली आणि पुसलं नाही. हात धजला नाही म्हण, नाहीतर आळस म्हण. तुझं नाव यादीत तसंच राहिलं, माझ्या नावाच्या खाली.

दोन वर्षांनी नवीन मॉडेल निघालं. त्याच्या आत चालणारा प्रोग्राम माझा. त्यातली अक्षरं, फुलं, बदकं, होड्या, एकूण एक नक्षी तू काढून, टाके पाडून ठेवलेली. आणि मशीनच्या मागच्या पत्र्यावर काय? कंपनीचं नाव, मॉडेल नंबर, आणि 'सुईपासून बोटे लांब ठेवा'. सुईलासुद्धा जागा होती, तुला नव्हती. माझं डोकं फिरलं. तुझ्या नावाने आत गेले. पासवर्ड तू रोज मोठ्याने म्हणत टाइप करायचास, अख्ख्या मजल्याला पाठ होता. शेळी ठेवली आणि बाहेर आले. वर्षातून एकच दिवस, चौदा मार्चला, चाचणीच्या चौकोनाच्या जागी ती यायची.

माझ्या नावाने घालता आली असती. पण मला नोंदीत तुझं नाव हवं होतं. कुठेतरी लिहिलेलं असावं की हा माणूस इथे होता आणि त्याने काम केलं. आता तेच लिहिलेलं तुझ्याविरुद्ध पुरावा म्हणून फाईलला टाचलंय. असला शहाणपणा फक्त मीच करू जाणे.

आणि एक सांगते. मला शेळीची लाज नाही. तुला शाळेत घोडा काढायला सांगितला होता, तू काढला, आणि मास्तरांनी 'शेळी छान आहे' असा शेरा मारून दहापैकी सहा दिले. तेव्हापासून तू सही म्हणून शेळी काढतोस. चौथा पाय विचारला की 'मागे आहे, दिसत नाही' म्हणायचास. नऊ वर्षं ती शेळी चिंध्यांवर येत होती. एकानेही तक्रार केली नाही. सर्व्हिसला जाणारी माणसं सांगायची, एका कारखान्यात तर ती चिंधी खिळ्याला अडकवून ठेवतात आणि पुढच्या मार्चची वाट बघतात. मी चेहरा कोरा ठेवायचे आणि घरी येऊन एकटीच हसायचे. साहेबांपर्यंत ते कुणी नेलं नाही, इतकं प्रेम आहे त्यांच्यावर.

चोरकप्पा हे नाव तूच दिलेलं. 'ताई, ज्याने पेटी बनवली त्याने एक चोरकप्पा ठेवायचाच, नाहीतर पेटी मालकाची होते.' कुणी हिशेबाच्या प्रोग्राममध्ये खेळ दडवतं, कुणी चिपवर केसाहून बारीक बदक कोरतं, कुणी झाकणाच्या आतून सही करतं. जगभर हेच चालतं, कारण जगभर मागच्या पत्र्यावर मालकाचंच नाव असतं.

आपला पहिला चोरकप्पा मात्र अंगाशी आला. चालू करताना दोरा कापायचं आणि फ्रेम वर घ्यायचं अशी दोन्ही बटणं एकदम दाबली, की पडद्यावर टक्कल उगवायचं, त्यावर दोन केस, खाली अक्षरं: 'अजून झालं नाही?' साहेब दर तासाला पार्टिशनवरून डोकं काढून हेच विचारायचे. चित्र तुझं, ते पडद्यावर आणणारा प्रोग्राम माझा. दोन बटणं एकदम दाबायला कोण जातंय, असं आपलं गणित. प्रदर्शनात आपल्या सेल्समनचं कोपर दोन्ही बटणांवर पडेल हे गणितात धरलं नव्हतं. पंधरा गिऱ्हाइकांसमोर टक्कल उगवलं. नेमके साहेब शेजारी उभे. लोकांनी पडद्याकडे बघितलं, मग साहेबांकडे, मग परत पडद्याकडे.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आपल्याला दोघांना उभं केलं. 'कुणी केलं?' तू माझ्याकडे बघितलंस. मी टेबलाच्या पायाकडे बघत होते. त्याचा एक स्क्रू ढिला होता, अजून आठवतो. आणि तू म्हणालास, 'मी. चित्र माझंच आहे.'

मी मूग गिळून बसले. आईचं ऑपरेशन तोंडावर होतं. दोघांपैकी एकाची नोकरी राहायला हवी होती. मी तुझ्यापेक्षा दहा वर्षं जुनी होते. ही सगळी कारणं खरी आहेत, आणि ती मी इतक्या वेळा उगाळलीत की त्यांचा वासही येत नाही आता.

त्या दिवशी चार वाजता तू खोकं घेऊन फाटकापाशी उभा होतास म्हणे. मला मीटिंगला बोलावलं होतं, म्हणून खाली येता आलं नाही. ते सांगायचं राहून गेलं.

ताई


३ एप्रिल

बारक्या,

अहवाल दिला. अर्ध्या पानाचा आहे. 'सदर शेळी मी घातली. लॉगिन भावाचं वापरलं, कारण ते पुसण्याचं काम माझं होतं आणि मी ते केलं नाही. त्याचा संबंध नाही.' खाली सही, तारीख.

दोन केसांनी तो दोनदा वाचला आणि माझ्याकडे परत सरकवला.

'मॅडम, भावावरचं प्रेम समजू शकतो.'

'प्रेम नाही साहेब, अहवाल आहे.'

'तुमच्या निरोपाला हॉल ठरलाय. घड्याळ आणलंय तुमच्यासाठी. तुमचा भाऊ तसाही इथे नाही, तुम्ही आहात. आमच्याच विभागप्रमुखाने हे केलं, असं मी गिऱ्हाइकाला कोणत्या तोंडाने सांगू?'

'ज्या तोंडाने भावाचं नाव सांगणार होतात त्याच.'

वकील कोपऱ्यात बसून पेनाचं टोपण चावत होता. तो म्हणाला, नोंद म्हणजे नोंद. नोंदीत जे नाव आहे ते बदलायचं तर पुरावा लागेल, कबुली पुरणार नाही, कारण बहीण भावाला वाचवायला काहीही लिहून देईल. बघ आता. अकरा वर्षांपूर्वी गप्प बसले तर सगळ्यांनी विश्वास ठेवला. खरं बोलले तर पुरावा मागतात.

मी म्हटलं, देते पुरावा. कुठून देणार होते देव जाणे, पण म्हटलं. आठ दिवस मागून घेतले. साहेब म्हणाले, 'पंधरा तारखेला मी पोलिसांत कागद देणार. तोपर्यंत तुम्ही शांतपणे विचार करा.' त्यांना वाटतं मी बिथरले आहे. मी बिथरलेली नाही. उलट गेल्या कित्येक वर्षांत माझं डोकं इतकं ठिकाणावर नव्हतं.

तुझी खबर मला कुठून मिळते ते आता सांगून टाकते. दर रविवारी मी भाजीला गेले की घरातला फोन वाजतो. परत आल्यावर आई म्हणते, राँग नंबर होता. आपली आई राँग नंबरशी चाळीस मिनिटं बोलते, त्याच्या मुलीचा खोकला विचारते आणि पोटभर जेवत जा म्हणून सांगते. मी मुद्दाम हळू चालत येते. कधीकधी जिन्यात बसून आईचं बोलणं ऐकत राहते, लिफ्ट बंद आहे हे बरंच आहे. गेल्या रविवारी राँग नंबरने पत्रं मिळतात असं सांगितलं म्हणे. वाचतो की नाही ते सांगितलं नाही.

आता एक गोष्ट दुरुस्त करायची आहे. मागच्या पत्रात मीटिंगचं लिहिलं होतं. मीटिंग नव्हती.

स्टोअरच्या वर ती एक खिडकी आहे, फाटकाकडे तोंड असलेली. मी तिथे उभी होते. तू खोकं खाली ठेवलंस, मग उचललंस, परत ठेवलंस. घड्याळात बघितलंस. वॉचमनने काहीतरी विचारलं तर मान हलवलीस. तू माझी वाट बघत होतास हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. वीस मिनिटं. तेवढ्यात मी तीनदा जिन्यापर्यंत गेले आणि तीनदा परत आले. मग तू खोकं काखेत मारलंस आणि गेलास. त्या काचेवर बाहेरून उन्हाची तिरीप येते, खालच्याला आतलं काही दिसत नाही. म्हणून तुला हे माहीत असायचं कारण नाही. न सांगता निभलंही असतं. पण पुरावे द्यायला निघालेच आहे, तर सगळेच देते.

ताई


११ एप्रिल

बारक्या,

पुरावा आईच्या उशीत होता.

तू नोकरीला लागल्यावर पहिल्या महिन्यात टेस्टिंगच्या मशीनवर तिला एक रुमाल भरून दिला होतास, त्यावर शेळी. तो रुमाल कुठे गेला म्हणून मी कपाट पालथं घातलं. शेवटी आईला विचारलं. ती म्हणाली, 'कशाला हवाय?' मग सांगावं लागलं. तिला आजवर एवढंच माहीत होतं की तू साहेबांशी भांडून नोकरी सोडलीस आणि माझ्याशीही भांडलास. हे मीच सांगितलेलं. आता सगळं सांगितलं, खिडकीसकट.

ती आपल्या चष्म्याची दांडी पुसत बसली. मग म्हणाली, 'अकरा वर्षं मी त्यालाच समजावत आले. ताई मोठी आहे, तू नमतं घे. आणि तो दर वेळी हो आई म्हणायचा.'

तू तिला एकदाही सांगितलं नाहीस. बारक्या, तू मला चार शिव्या दिल्या असत्यास तर मी त्यांना तोंड दिलं असतं. याला काय तोंड देऊ?

आईने उशीच्या अभ्र्यात हात घालून रुमाल काढून दिला आणि दोन दिवस माझ्याशी अबोला धरला. ते योग्यच झालं.

काल साहेबांच्या खोलीत गेले. त्या छत्तिसांतला एक शर्ट मागून घेतला होता. टेस्टिंगच्या मावशींना बरोबर नेलं. मावशींना आता रिटायर व्हायला दोन वर्षं राहिलीत, नाकावर चष्मा आणि गळ्यात कात्री तशीच. मी साहेबांच्या टेबलावर रुमाल आणि शर्ट शेजारी ठेवले. वरून दोन्ही शेळ्या सारख्या. साहेब म्हणाले, 'हेच तर आम्ही म्हणतोय. एकाच माणसाचं काम.'

मी दोन्ही उलटे केले. म्हटलं, 'मावशी, वाचा.'

मावशींनी बोट फिरवलं. कापडाच्या मागच्या बाजूला दोरा कुठे धरला, कुठून कुठे गेला, कुठे तोडला, सगळं दिसतं. त्या तीस वर्षं हेच करतायत. रुमालावर बोट ठेवून म्हणाल्या, 'ही शेपटीकडून निघाली. शेपूट, मग पाठ, मग पाय, शेवटी कान.' शर्टावर बोट ठेवलं. 'ही कानाकडून निघाली. वरून खाली आली. शेपूट शेवटी.'

'मग?' वकील म्हणाला.

'मग काय मग. शेपटीकडून सुरुवात करणारा इथे एकच होता. आम्ही चिडवायचो त्याला. तो म्हणायचा, शेळी पळायला लागली तर आधी शेपूट हातात पाहिजे.'

'आणि कानाकडून?'

मावशींनी माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. 'मॅडम,' त्या म्हणाल्या. 'काहीही असो, वरून खाली. फॉर्म भरल्यासारखं. वाटेल तेवढ्या जुन्या चिंध्या काढून दाखवते. मी फेकलेल्या नाहीत.'

खरंच आहे. तुझं चित्र मी समोर ठेवून टिपलं होतं, वाकड्या कानासकट. पण कागदावरून हात टिपता येत नाही. तुझ्या नावाने आत गेले आणि आत जाऊन माझ्याच पद्धतीने शिवून आले. नऊ वर्षं मला त्यात काही वावगं दिसलं नाही.

वकिलाने टोपण तोंडातून काढलं आणि म्हणाला, हे कोर्टात टिकेल. मला वाटतं त्याला मनातून मजा वाटली.

साहेबांनी रुमाल पुन्हा सुलटा केला. मग म्हणाले, 'आणि ते पहिलं? माझं डोकं?'

'चित्र त्याचं. पण ते पडद्यावर यायला प्रोग्राम लागतो आणि तो माझा होता. त्या दिवशी तुम्ही अर्धाच प्रश्न विचारलात आणि मी उरलेलं उत्तर दिलं नाही.'

'माफी मागा.'

'छत्तीस शर्टांची मागते. वर्षातून एक दिवस का होईना, परक्याच्या मशीनमध्ये त्याला न सांगता काही ठेवायचं नव्हतं, ते चुकलं. टाके उसवून शर्ट पुन्हा भरून द्यायचं काम मी आणि मावशी सुट्टीच्या दिवशी करू. शेळीची माफी मागणार नाही. तुमच्या टकलाचीही नाही. ते हुबेहूब होतं.'

मावशी खोकल्या. तो खोकला नव्हता.

ताई


१९ एप्रिल

बारक्या,

पोलिसांत कागद गेला नाही. तुझ्या ट्रेनिंग सेंटरला पत्र गेलं नाही, मी फाईल स्वतः बघितली. तुझ्या नावापुढे 'संबंध नाही' असं लिहून साहेबांनी सही केलीये. त्याची प्रत यासोबत जोडली आहे, जपून ठेव. कंपनीचा पहिला कागद आलाच असेल तर तोही ठेव, म्हातारपणी करमणूक होईल.

माझं काय ते विचारणार नाहीस, तरी सांगते. निरोप रद्द. हॉल रद्द. घड्याळ कुणाला दिलं माहीत नाही, सुटले, आपल्याकडे भिंतीला जागा कुठे होती. माझ्या कागदावर 'गैरवर्तन' असा शेरा पडणार आहे. चौतीस वर्षांनंतर एक शेरा. तुला मास्तरांनी सहा तरी मार्क दिले होते.

शर्ट झाले. दोन रविवार मी आणि मावशी उसवत बसलो होतो. पस्तीस परत केले. एक मोजताना चुकला असं मावशी म्हणाल्या, आणि त्यांची मोजणी तीस वर्षांत कधी चुकलेली नाही. मी विचारलं नाही. त्या शर्टाच्या जागी नवा शर्ट आणून मी भरून दिला.

शेवटचं काम म्हणून प्रोग्राममधून शेळी काढायला सांगितली. काढली. कुणाचंही मशीन आता चौदा मार्चला चौकोनच शिवेल. मनातून नको होतं, पण ते योग्य होतं, तू असतास तर तूही काढली असतीस. मग नवीन मॉडेलचं कागदपत्र माझ्यापुढे सहीला आलं. दर मशीनबरोबर एक पुस्तिका जाते, वापरायचं कसं ते सांगणारी. तिच्या शेवटच्या पानावर मी दोन ओळी घातल्या: 'नक्षीकाम' आणि पुढे तुझं पूर्ण नाव, 'प्रोग्राम' आणि पुढे माझं. लपवून नाही, छापील, काळ्या शाईत. साहेबांकडे मंजुरीला नेलं. ते म्हणाले, अशी पद्धत नाही. मी म्हटलं, पद्धत असती तर चोरकप्पे करावे लागले नसते. मी त्यांच्यासमोर खुर्चीत बसून राहिले. त्यांनी दोनदा घड्याळात बघितलं. शेवटी मीच विचारलं, 'अजून झालं नाही?'

त्यांनी सही केली. हसले नाहीत, पण सही केली.

तीस तारखेला चार वाजता मी माझं खोकं घेऊन त्याच फाटकापाशी उभी राहणार आहे, तू उभा होतास तिथे. ये असं म्हणत नाही. तुला तसं सांगायचा हक्क मी गमावलाय. पण मी वीस मिनिटं उभी राहणार, कुणी येवो न येवो.

ताई


३० एप्रिल, संध्याकाळ

बारक्या,

उभी राहिले.

खोक्यात एक कप, पायाखालचं पायपुसणं, कात्री, आणि मावशींनी गुंडाळून दिलेलं काहीतरी. फाटकाबाहेर त्या विजेच्या खांबाशी उभी राहिले. चारला दोन मिनिटं कमी होती. वॉचमनने स्टूल देऊ का विचारलं, मी मान हलवली. पाच मिनिटांनी खोकं जड झालं, खाली ठेवलं. मग उगाच वाटलं कुणी येतंय, उचललं. परत ठेवलं. तू नेमकं असंच करत होतास, आणि मी वरून बघून 'काय हा अस्वस्थपणा' असं मनात म्हटलं होतं. वीस मिनिटं फार मोठी असतात रे. अकरा वर्षं मी ती लहान समजत होते.

तू आला नाहीस. येशील असं मी धरलंच नव्हतं, तरीही प्रत्येक बस आली की मान वळत होती.

मग सोळाव्या की सतराव्या मिनिटाला मी वर बघितलं, स्टोअरच्या वरच्या खिडकीकडे. तिथे साहेब उभे होते. एकटेच, हात मागे बांधून. मी जायची वाट बघत असतील, किंवा त्यांना खाली यायचं असेल आणि येता येत नसेल. ते काय ते त्यांचं त्यांना माहीत.

मला ते स्पष्ट दिसले, बारक्या. चष्मा दिसला. शर्टाचं वरचं बटण उघडं होतं ते दिसलं. दोन्ही केस दिसले.

चार वाजता ऊन पाण्याच्या टाकीमागे जातं. काचेवर तिरीप नसते. मी चौतीस वर्षं त्या खिडकीच्या आत काढली, बाहेर या खांबाशी, या वेळेला, एकदाही उभी राहिले नव्हते.

म्हणजे तू मला बघितलंस. वीस मिनिटं तू वाट बघत नव्हतास. मी खिडकीत उभी आहे हे तुला दिसत होतं, आणि मी खाली येते का ते तू बघत होतास. तीनदा मी जिन्याकडे वळले तेव्हा तीनदा तुला वाटलं असेल, आली. आणि तरीही तू आईला काही सांगितलं नाहीस.

घरी येऊन मावशींचं पुडकं उघडलं. छत्तिसावा शर्ट आहे, शेळीसकट. तो मी आणते आहे. शुक्रवारी सकाळच्या बसने. आईही येते म्हणते, राँग नंबरचं घर बघायचंय तिला. तिला फार वेळ उभं राहवत नाही, तेव्हा तिला तरी लगेच वर घे. माझ्यासाठी दार उघडायचं की नाही ते तुझं तू ठरव. मी खाली उभी राहीन. वीस मिनिटं नाही, लागतील तितकी. मला आता सवय झाली आहे, आणि रिटायर बाईला दुसरं काम काय.

तुला खिडकीत उभं राहावंसं वाटलं तर राहा, त्याबद्दल मी एक अक्षर बोलणार नाही. फक्त पडद्यामागे लपू नकोस. खालून सगळं दिसतं.

तुझी ताई